सावळ्या गालावर हिरवी झाक

गोव्यात मुलांचे फोटो काढताना सगळ्यात जास्त छळतो तो रंग. उजेड इथे भरपूर मिळतो, पण तो कोरा मिळत नाही. चिऱ्याच्या, म्हणजे तांबड्या जांभा दगडाच्या, भिंतीवरून परतलेलं ऊन तांबूस होऊन येतं. कुळागरात माड-पोफळींतून खाली येणारा उजेड हिरवट असतो. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घराची निळी किंवा पिवळी भिंत मुलाच्या एका गालावर आपला रंग चढवते. जागेवर उभं असताना हे डोळ्यांना कळत नाही, कारण मेंदू परस्पर दुरुस्ती करत असतो. घरी फोटो मोठा करून पाहिला की हनुवटीखाली हिरवी झाक दिसते, आणि ती काढण्याच्या नादात आख्खा चेहराच फिकट होऊन जातो. हौसेने काढलेल्या फोटोंत सावळी मुलं राखाडी नाहीतर गुलाबी दिसतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. म्हणून माझी सगळी पद्धत एकाच गोष्टीभोवती बांधलेली आहे: मुलाचा वर्ण जसा आहे तसाच कागदावर उतरला पाहिजे. यातलं निम्मं काम जागा निवडतानाच होतं.

जागेत माझी पहिली पसंती बाल्कांवला, म्हणजे दारापुढच्या छपराच्या बैठकीला. वर छप्पर असल्यामुळे डोक्यावरचा उजेड अडतो, समोरून आणि बाजूने मोकळ्या आकाशाचा मऊ उजेड येतो, आणि सोप्यावर, म्हणजे तिथल्या बांधीव बाकावर, मूल आपसूक नीट बसतं. अडचण जमिनीची. जुन्या घरांत ती बऱ्याचदा लाल असते आणि खालून हनुवटीवर, नाकपुड्यांवर लाली फेकते. त्यावर उपाय साधा आहे. चौकटीत येणार नाही अशा बेताने मुलाच्या पुढ्यात जमिनीवर एक पांढरी चादर पसरायची. लाली जाते आणि डोळ्यांखालच्या सावल्याही भरून निघतात. चादर खरोखर पांढरी हवी. फिकट निळी किंवा पिवळट असली तर तिचा रंग चेहऱ्यावर येतो. नीळ घातलेली चादर तर मी टाळतेच.

हिंदू घरांतलं राजांगण, म्हणजे घराच्या मधलं उघडं अंगण, तेही छान, पण तिथे उजेड वरून पडतो. मूल तुळशी वृंदावनाजवळ मधोमध उभं केलं तर कपाळ उजळतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. तेच मूल भोवतालच्या ओसरीत, छपराच्या कडेपासून हात-दीड हात आत, अंगणाकडे तोंड करून बसवलं की उजेड समोरून येतो आणि डोळ्यांत चमक दिसते. ही चमक, म्हणजे कॅचलाइट, बुबुळाच्या वरच्या भागात घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी आली की चेहरा जिवंत वाटतो. ती मुळीच दिसत नसेल तर मुलाची मान वळवून घ्यावी किंवा जागा बदलावी. ती नंतर संगणकावर रंगवायला जाऊ नये, खोटी आहे हे लगेच कळतं.

घरात काढायचे असतील तर खिडकी पुरते. मूल खिडकीपासून एक ते दीड मीटरवर, खिडकीशी साधारण ४५ अंशांत. दुसऱ्या बाजूला, चेहऱ्यापासून हात-दोन हातांवर दोन बाय तीन फुटांचा पांढरा फोमबोर्ड उभा करायचा. बोर्ड जवळ आणला की सावली उजळते, दूर नेला की गडद होते. मुलांच्या चेहऱ्याला फार गडद सावली शोभत नाही, म्हणून मी तो जवळ ठेवते. काही जुन्या घरांत अजून शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आहेत. त्यांतून येणारा उजेड इतका मऊ असतो की भर दुपारी दक्षिणेच्या खिडकीतही काम होतं, फक्त तो बराच कमी असतो, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवायची तयारी हवी. खिडकीशी काम करताना खोलीतला दिवा बंद करायलाच हवा. एका गालावर आकाशाचा निळसर उजेड आणि दुसऱ्यावर एलईडीचा पिवळा किंवा हिरवट, अशी सरमिसळ झाली की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ती एका घसरपट्टीने (स्लायडरने) सुटत नाही. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि जलद शटरवर फोटोत आडवे पट्टे उमटतात. दिव्यावाचून गत्यंतरच नसेल तर शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवावं.

कौलारू घरात फ्लॅशचं नेहमीचं शिकवलेलं तंत्र चालत नाही. फ्लॅश छताकडे वळवून उजेड खाली आणा, असं सगळे सांगतात, पण वर पांढरं छत असेल तरच ते खरं. कौलं आणि वासे उजेड पिऊन टाकतात आणि जो थोडा परततो तो विटकरी असतो. अशा घरात फ्लॅश बाजूच्या चुन्याच्या भिंतीकडे वळवावा. भिंत रंगीत असेल तर तिथे पांढरी चादर टांगावी. तान्ह्या बाळासमोर सरळ फ्लॅश मी कधीच उडवत नाही. बाळ दचकतं आणि चेहरा सपाट दिसतो तो वेगळाच.

बाहेर काढायचे असतील तर वेळ सांभाळावी लागते. पणजीचा अक्षांश साधारण साडेपंधरा अंश, त्यामुळे मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या मध्याच्या थोडं आधी दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. या दिवसांत सकाळी साडेनऊ ते दुपारी चार उघड्यावर मुलांचे चेहरे काढू नयेत. डोळे मिचकावलेले आणि नाकाची सावली ओठावर, एवढंच मिळतं. सूर्यास्त डिसेंबरच्या सुरुवातीला सहा वाजता आणि जूनअखेर-जुलैत सात वाजून गेल्यावर होतो. त्याआधीचा तास उत्तम. मिरामारला किंवा पश्चिमेकडच्या कुठल्याही किनाऱ्यावर शेवटची वीस मिनिटं उजेड नारिंगी होतो. त्या वेळी मूल सूर्याकडे पाठ करून उभं करावं, म्हणजे केसांना सोनेरी कड येते आणि चेहऱ्यावर आकाशाचा आणि वाळूचा मऊ उजेड राहतो. सूर्य इथे जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून हा उजेड फार टिकत नाही. कॅमेऱ्याची सगळी मांडणी आधीच झालेली हवी.

झाडाखालची सावली फसवी असते. माडाच्या झावळ्यांतून कवडसे पडतात आणि चेहऱ्यावर एक पांढरा ठिपका नि बाजूला काळोख दिसतो. तो ठिपका करपलेला असतो, त्यातला तपशील परत येत नाही. आंबा-फणसाची दाट सावली बरी, पण मुलाला सावलीच्या आत खोल न बसवता कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून बसवावं. खाली गवत असेल तर हिरवी झाक हनुवटीखाली येणारच, तिथे पुन्हा पांढरी चादर.

पावसाळ्यात लोक कॅमेरा आत ठेवतात, मला मात्र मुलांसाठी तेच दिवस सर्वांत आवडतात. दिवसभर मऊ उजेड, धुतलेली झाडं, आणि ऊन नसल्यामुळे मुलं डोळे उघडे ठेवतात. ढगांचा उजेड निळसर असतो, साधारण ६५०० ते ७००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर), आणि वरून येतो, तेव्हा बाल्कांव किंवा दारवंटा गाठावा. आयएसओ ८०० ते १६०० लागतो. पावसाळ्यात खरी काळजी लेन्सची घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की बंद कपाटात किंवा चामडी पाकिटात ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. निळी जेल गुलाबी झाली किंवा नारिंगी जेल हिरवी झाली की तिने पाणी भरून घेतलं, मग ती तापवून सुकवायची. एसी गाडीतून थेट किनाऱ्यावर उतरल्यास काचेवर वाफ धरते. कॅमेरा बंद पिशवीत घालून वीस-तीस मिनिटं बाहेरच्या उष्णतेत ठेवावा, मग पिशवी उघडावी. समुद्राच्या खाऱ्या तुषारांचा पातळ थर काचेवर बसला की फोटो धुरकट दिसतात आणि आपण दोष उजेडाला देतो. किनाऱ्यावर लेन्सपुढे साधा यूव्ही फिल्टर लावणं एवढ्यासाठीच.

आता कॅमेरा. एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या, सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ/१.८ लेन्स ही हौशी माणसासाठी सर्वांत चांगली खरेदी. फुल फ्रेमवर, म्हणजे त्याहून मोठ्या सेन्सरवर, तेच काम ८५ मिमी करते. अंतर दीड ते अडीच मीटर. किट लेन्स १८ मिमीवर ठेवून जवळ गेलं तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. याला कारण लेन्स नसते, अंतर असतं. चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर उभं राहिलं की नाक कानांपेक्षा प्रमाणाबाहेर जवळ येतं. मोबाइलवरही म्हणूनच दोन पट झूमची लेन्स निवडून दोन पावलं मागे जावं. मोबाइलमधला ‘ब्युटी’ पर्याय आधी बंद करावा, तो त्वचा गुळगुळीत आणि गोरी करतो. पोर्ट्रेट मोडही जपून वापरावा: कुरळे केस, गजरा, झबल्याची झालर यांच्या कडा तो खाऊन टाकतो.

एफ/१.८ लेन्स घेतली म्हणून एफ/१.८ वरच काढायचं असा नियम नाही. एफचा आकडा लेन्सचं तोंड, म्हणजे अपर्चर, किती उघडं ते सांगतो: आकडा लहान तितकं तोंड मोठं. दीड मीटरवर ५० मिमी आणि एपीएस-सी असताना एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम साडेसहा सेंटिमीटर मिळते, एफ/२.८ ला दहा, एफ/४ ला चौदा. मूल एका जागी ठरत नाही, ते पुढे झुकलं की साडेसहा सेंटिमीटर केव्हाच ओलांडले जातात. मी एका मुलासाठी एफ/२.८ ते एफ/४ ठेवते. भावंडं असतील तर एफ/५.६, आणि दोघांची डोकी एकमेकांना टेकवून घेते म्हणजे दोन्ही चेहरे एका प्रतलात येतात. शटर बसलेल्या मुलासाठी १/२५० पेक्षा कमी नको, खेळणाऱ्यासाठी १/५००, धावणाऱ्यासाठी १/१०००. यात सोपं पडावं म्हणून आयएसओ ऑटोवर, कमाल ३२०० आणि किमान शटर १/२५० असं बांधून ठेवते. थोडा दाणा आला तर चालतो, हललेला डोळा कशानेच दुरुस्त होत नाही.

फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात आय-एएफ (डोळा आपणहून शोधणारा फोकस) असतो, तो सतत फोकसच्या पर्यायासोबत चालू ठेवावा. जुन्या डीएसएलआरवर एकच बिंदू निवडावा. मधल्या बिंदूवर फोकस करून मग कॅमेरा वळवायची सवय उघड्या अपर्चरवर अंगलट येते, कारण वळवताना फोकसचं प्रतल सरकतं आणि कान किंवा केस स्पष्ट होतात. डोळ्याजवळचा बिंदू निवडणं बरं, किंवा थोडं मोकळं काढून नंतर कापावं. प्रत्येक फोटोत फोकस सारखाच पुढे किंवा मागे पडत असेल तर आपला हात निर्दोष आहे, लेन्सचं जुळवणं बिघडलंय. काही डीएसएलआरमध्ये ते मेनूतून सुधारता येतं.

एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, सावळ्या मुलांच्या बाबतीत विशेष जपावं लागतं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळ्या चौकटीची सरासरी करड्याकडे ओढतो. मागे चुन्याची भिंत असेल तर चेहरा काळवंडतो, म्हणून एक्स्पोजरची दुरुस्ती +२/३ किंवा +१ द्यावी लागते. मागे काळोखं दार असेल तर उलट, −२/३. चेहरा कमी उजेडात घेऊन नंतर वर ओढला तर सावळ्या त्वचेत दाणा येतोच, पण त्याहून वाईट म्हणजे रंग मातकट होतो. दुसऱ्या टोकाला लाल चॅनल, म्हणजे फोटोतली लाल रंगाची नोंद. संध्याकाळच्या उन्हात किंवा अबोलीच्या वळेसरासोबत (गजऱ्यासोबत) लाल चॅनल सर्वांत आधी भरून वाहतो, आणि गालावर सपाट पिवळा डाग पडतो. म्हणून साध्या हिस्टोग्रामऐवजी (फोटोतल्या उजेडाच्या वाटणीचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम पाहावा, आणि फोटो रॉ मध्येच, म्हणजे सेन्सरची मूळ नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्येच, काढावेत.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगाची दुरुस्ती, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा प्रत्येक फोटोला वेगळा अंदाज करतो. मुलीने लाल परकर पसरला की चेहरा निळसर, परकर चौकटीबाहेर गेला की पुन्हा वेगळा. मी आकडा बांधून घेते: उन्हात ५२०० ते ५५०० केल्विन, मोकळ्या सावलीत ७००० च्या पुढे. आणि पहिल्या फोटोत मुलाच्याच हातात करडं कार्ड देते, चेहऱ्याच्या पातळीत, चेहरा ज्या दिशेला आहे त्याच दिशेला. मुलांना ते काम आवडतं. जागा बदलली की पुन्हा एक फोटो. सोनेरी संध्याकाळी मात्र कार्डाचं ऐकू नये, ते सगळा सोनेरीपणा पुसून टाकेल. चवथीला (गणेश चतुर्थीला) समईच्या उजेडात काढलेल्या फोटोंचंही तसंच. ज्योतीचा उजेड २००० केल्विनच्या आसपास असतो, तो पूर्ण पांढरा केला तर समईच विझल्यासारखी होते. २८०० ते ३००० वर थांबलं की ऊब राहते आणि चेहरा केशरी होत नाही.

मुलाला तयार करायचं म्हणून आई-आजी जे करतात त्यातल्या दोन गोष्टी आधीच प्रेमाने थांबवाव्या लागतात. चेहऱ्यावर पावडर नको: कॅमेऱ्यात ती सावळ्या त्वचेवर राखाडी सायीसारखी दिसते आणि मानेशी जुळत नाही. खोबरेल तेल कपाळावर उतरेल इतकं नको: चमकणारा पट्टा करपतो. दोन्हींना ओल्या पंचाने पुसून कोरडं करणं पुरतं. घाम येतच राहतो, त्यासाठी सुती रुमाल जवळ ठेवून टिपत राहायचं, चोळायचं नाही, नाहीतर गाल लाल होतात. काजळ आणि तीट राहू द्यावी. कपडे एकरंगी, मळखाऊ किंवा फिके. झगझगीत पोपटी किंवा नारिंगी टीशर्ट हनुवटी रंगवतो. बारीक रेघांच्या कापडावर लाटांसारखी नक्षी उमटते. शाळेचा गणवेश शक्यतो नको, फोटो कुठे गेला तर मूल कुठे सापडेल ते त्यावरून कळतं.

मुलासोबतचा वेळ खरा वीस मिनिटांचा. झोप आणि खाणं झाल्यावर लगेचची वेळ घ्यावी. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे माझी बैठक जमिनीवर. वरून काढलं की डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात. ‘हस’ म्हटलं की मूल दात दाखवतं, हसत नाही. त्याऐवजी हाताला काम द्यावं: काजूचं बोंड, अबोलीची फुलं, करवंटीतलं पाणी. ‘बाय, भिंगात तुझं घर दिसतं का बघ’ म्हटलं की तीन-चार वर्षांचं मूल थेट लेन्समध्ये पाहतं, आणि ती एकाग्र नजर दोन-तीन सेकंद टिकते. तेवढ्यात तीन-चार फोटो सलग घ्यावेत, एकात पापणी मिटलेली असतेच. सहा-सात वर्षांची, दात पडलेली मुलं ओठ दाबून ठेवतात. त्यांना फुंकर मारायला सांगावं, फुंकर संपली की ओठ सैल पडतात. दहाच्या पुढची मुलं कॅमेऱ्यामागचा पडदा पाहू दिला की मोकळी होतात. आईवडिलांनी मागे उभं राहून हाका मारू नयेत हे आधी ठरवून घ्यावं, नाहीतर डोळे चार दिशांना जातात. बोलवायचंच तर एकानेच, आणि लेन्सच्या अगदी वर डोकं धरून. मूल ‘नको’ म्हणालं की तिथे थांबायचं. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, किनाऱ्यावर तर नाहीच. आणि फोंतेन्हासच्या पायऱ्या हा काही रंगमंच नव्हे, तिथे लोक राहतात, दार वाजवून विचारावं.

संगणकावर पहिलं काम गाळणं. फोकस चुकलेले, डोळे मिटलेले आणि चौकटीत हात कापले गेलेले फोटो पहिल्याच फेरीत काढायचे. मग सारख्यांतला एक. दोनशे फोटोंतून दहा-बारा उरले की पुरे, सत्तर उरले तर पाहणारा विसाव्याला कंटाळतो. फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर लाइटरूम असो की मोफत मिळणारं डार्कटेबल, क्रम तोच. आधी करड्या कार्डावर टिचकी मारून व्हाइट बॅलन्स, तो त्या जागेच्या सगळ्या फोटोंना लावायचा. मग एक्स्पोजर, त्यानंतर हायलाइट (उजळ भाग) थोडे खाली, शॅडो (गडद भाग) थोड्या वर. शॅडो +४० च्या पुढे नेल्या की चेहऱ्याची गोलाई हरवते.

मग त्वचा. पडद्यावर नजर फसते, म्हणून कर्सर उजेडातल्या गालावर नेऊन लाल, हिरवा, निळा यांचे आकडे पाहते. कुठल्याही वर्णाच्या निरोगी त्वचेत लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, निळा सर्वांत कमी. हिरवा लालच्या फार जवळ आला तर झाक हिरवी, निळा हिरव्याच्या वर गेला तर जांभळट. कुळागरातल्या फोटोंत टिंट (हिरवा आणि मॅजेंटा यांतला तोल) मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, १० ते २० सरकवावा लागतो, पण तेवढ्याने भागत नाही, कारण हनुवटीखालची झाक कपाळावर नसते. सगळा फोटो मॅजेंटाकडे नेला तर हनुवटी बरी होते आणि कपाळ गुलाबी. अशा वेळी फक्त हनुवटी आणि मानेवर मऊ ब्रशने मास्क आखून (म्हणजे तेवढाच भाग निवडून) त्यातच टिंट +१५ च्या आसपास आणि सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) −१० करावं. चिऱ्याच्या भिंतीची लाली उलट वागते: त्या बाजूच्या गालावर मास्क, तापमान थोडं थंड आणि सॅच्युरेशन कमी. फोंतेन्हासच्या निळ्या भिंतीसाठी तापमान उबदार. मास्कची कड कान आणि जबड्याच्या वळणावर विरत जाऊ द्यावी. मास्क बंद-चालू करून पाहताना फरक जेमतेम जाणवला पाहिजे.

नारिंगी रंगाची घसरपट्टी लाइटरूममध्ये त्वचेवर चालते. तिची उजळता +५ ते +१० केली तर कमी उजेडातला चेहरा सावरतो. +३० केली तर मूल गोरं होतं. पालक कधीकधी तेच मागतात, आणि इथे मी ठाम नकार देते. सावळ्या मुलाला त्याच्याच फोटोत गोरं करणं म्हणजे त्याचा खरा रंग चुकीचा आहे असं त्याला सांगणं, आणि मूल ते न बोलता समजतं. चेहरा काळवंडून आला असेल तर तो माझ्या उजेडाचा दोष, तो मी उजेडानेच दुरुस्त करेन. त्याची खूणगाठ सोपी आहे: सुधारलेला चेहरा मान आणि हातांशी जुळतो का पाहावं. जुळत नसेल तर आपण चेहरा रंगवलाय.

डाग काढताना नियम एकच. आठवड्याभरात आपोआप जाणारं काढावं: लाळ, शेंबूड, डास चावल्याची गांधी, खरचटलेलं, बिस्किटाचा चुरा. कायमचं राहणारं ठेवावं: तीळ, जन्मखूण, जुना व्रण. त्वचा गुळगुळीत करायची प्रगत तंत्रं मुलांसाठी लागत नाहीत. त्यांच्या गालावर सुरकुत्या नसतातच, असते ती बारीक लव, आणि गुळगुळीत करताना तीच जाऊन मूल प्लास्टिकचं होतं. टेक्स्चर (बारीक पोत) −१० च्या खाली नको. क्लॅरिटी (मधल्या छटांतला उठाव) वाढवली तर मुलांचे चेहरे मळकट आणि मोठ्या वयाचे दिसतात, ती शून्यावरच बरी. डोळ्यांत बुबुळापुरता एक्स्पोजर +०.२ किंवा +०.३, पांढरा भाग जसा आहे तसा. शार्पनिंग ४० ते ६०, त्रिज्या १, आणि ऑल्ट दाबून मास्किंग ७० पर्यंत न्यावं, म्हणजे पापण्या, भुवया, केसांच्या कडा धारदार होतात आणि गाल मोकळे राहतात. आयएसओ ३२०० ला नॉइज रिडक्शन २० ते २५ पुरतं. मागची हिरवळ फार भडक असेल तर हिरव्याचं सॅच्युरेशन −२० करावं. पावसाळ्यातली भातशेती मात्र मी तशीच ठेवते, ती खरोखर तितकीच हिरवी असते.

कृष्णधवल करताना नुसता रंग काढू नये. रंगांच्या मिश्रणात लाल आणि नारिंगी थोडे वर नेले की सावळा चेहरा उजळ करड्यात येतो आणि ओठ-गालांचा फरक राहतो. फार वर नेले तर ओठ नाहीसे होतात.

प्रिंट काढायच्या आधी पडद्याचा उजेड कमी करावा. दुकानातून आणलेला मॉनिटर किंवा लॅपटॉप फार झगझगीत असतो, त्यावर बरा वाटलेला फोटो कागदावर काळा येतो. १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास, किंवा मोजमाप नसेल तर पडद्यावरची कोरी पांढरी खिडकी शेजारच्या कोऱ्या कागदाइतकीच उजळ दिसेल इतका. फाइल एसआरजीबी (पडद्यांवरचा नेहमीचा रंगसंच) जेपेगमध्ये. चार बाय सहा इंचांसाठी १२०० बाय १८०० पिक्सेल, आठ बाय बारासाठी २४०० बाय ३६००. आठ बाय दहा हवा असेल तर लांबीतून पट्टा कापला जातो, म्हणून काढतानाच डोक्यावर जागा सोडावी. पालकांना पाठवायच्या फाइलमधून ठिकाणाची माहिती काढून टाकावी.

लॅबमध्ये ‘कलर करेक्शन करू नका’ हे तोंडाने सांगावं आणि पाकिटावर लिहावंही. तिथलं यंत्र किंवा चालवणारा माणूस चांगल्या हेतूने सावळे चेहरे उजळतो आणि आपली सगळी मेहनत पुसली जाते. आधी त्याच फोटोची चार बाय सहाची एक प्रत काढून दिवसाच्या उजेडात, खिडकीशी पाहावी, ट्यूबलाइटखाली नाही. गडद आली तर एक्स्पोजर +०.२ किंवा +०.३ करून पुन्हा. भिंतीवर लावायचा फोटो मॅट कागदावर घ्यावा आणि काच व कागद यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा माउंट लावून घ्यावा. गुळगुळीत कागद काचेला टेकला की आपल्या दमट हवेत एकाच पावसाळ्यात चिकटतो, आणि सोडवायला गेलं की चेहऱ्यावरचा थर काचेसोबत निघून येतो.